सुटकेच्या फेरीची नोंद : गावातल्या माजी सैनिकांकडून हेलिकॉप्टर वैमानिकांच्या शौर्याच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात

मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या गावांत सैन्यातून निवृत्त होऊन शेतीवर परतलेला एखादा तरी माणूस असतो आणि त्याचा हुद्दा शिपायाचा असो की सुभेदाराचा, गाव त्याला ‘मेजर’ म्हणूनच ओळखते. 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, शाळा त्याला बोलावते, शाल-श्रीफळ देते, तो चार वाक्ये बोलतो आणि बांधावर परत जातो. त्या चार वाक्यांत कधीतरी ‘मग हेलिकॉप्टर आलं आन् मला उचललं’ अशा अर्थाचे एक वाक्य येऊन जाते. ते वाक्य ऐकून टाळ्या वाजतात, पण त्यामागची अर्ध्या तासाची हकिकत कोणी विचारत नाही. ती कशी विचारावी, कशी पडताळावी आणि कशी लिहून ठेवावी, हे सांगण्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

युद्धात जखमींना उचलणाऱ्या वैमानिकाची गोष्ट जखमीकडून का घ्यायची, असे कोणी विचारील. माझा अनुभव असा, की वैमानिक आपल्या कामाबद्दल फार थोडे लिहितो. त्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तारीख, यंत्राचा क्रमांक, उड्डाणाचा वेळ आणि कामाचे स्वरूप एवढ्या रकान्यांत सगळे मावते. सन्मानपत्राची भाषा ठरावीक असते. उतरणाऱ्या यंत्राखाली पडून राहिलेल्या माणसाला मात्र ते किती वेळा आले आणि परत फिरले, शेवटी कोणत्या बाजूने शिरले, जमिनीला टेकले की अधांतरीच थांबले, हे सगळे आठवते. आपल्या भागातून हवाई दलात वैमानिक झालेले थोडे, पण मराठा लाइट इन्फंट्रीत, महार रेजिमेंटमध्ये आणि इतर पलटणींत गेलेले पुष्कळ. म्हणून आपल्याला सापडणारा साक्षीदार बहुधा खालचाच असणार आणि तो दुय्यम आहे असे मानू नये.

जाण्याआधीचा अभ्यास

तयारीशिवाय गेलेल्या माणसाला समोरचा माणूस अर्धेच सांगतो, कारण ऐकणाऱ्याला काय कळेल याचा अंदाज तो पहिल्या पाच मिनिटांत घेतो. म्हणून यंत्रांची ओळख आधी करून घ्यावी. चेतक आणि चीता या दोन नावांचा घोटाळा तर नेहमीचा आहे. दोन्ही हलकी, एका इंजिनाची आणि मूळ फ्रेंच रचनेची असून परवान्याने बेंगळुरूला तयार झालेली. चेतकची शेपटी बंद पत्र्याची असते आणि त्याला तीन चाके असतात. चीताची शेपटी उघड्या नळ्यांच्या जाळीची असते आणि ते चाकांऐवजी दोन लांब पट्ट्यांवर टेकते. तेव्हा ‘कोणतं हेलिकॉप्टर होतं?’ असे विचारण्याऐवजी ‘शेपटीतून पलीकडचं दिसत होतं का?’ असे विचारावे. नाव विसरलेल्या माणसालाही ते चित्र आठवते. 1971 च्या लढाईतले एमआय-4 ओळखायचे तर त्याचे नाक फुगीर होते, त्यात इंजिन होते आणि वैमानिक त्याच्या वर उंचावर बसत. माणसे आणि सामान मागच्या दुहेरी दारांतून चढे. एमआय-17 हे त्याहून पुष्कळ मोठे, दोन इंजिनांचे, आणि त्यात बारा स्ट्रेचर मावतात. कोणी कारगिलच्या आठवणीत ‘ध्रुव’ असे म्हणाले, तर तिथे खूण करून ठेवावी, कारण ते सेनादलांत 2002 पासून दाखल झाले.

दुसरी गोष्ट उंचीची. ती नीट समजल्याशिवाय या वैमानिकांचे धाडस कागदावर उतरत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्या जोरावर यंत्र तरंगते. हवाच विरळ असेल तर पात्यांना ढकलायला थोडी मिळते आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो, म्हणजे नुकसान दोन्हीकडून होते. अठरा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे साडेपाच हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे. आणि सियाचिनवरच्या वरच्या चौक्या सहा हजार मीटरच्या घरात आहेत. एकावर एक साडेतीन कळसूबाई रचावेत, त्या टोकावर एक अंगणाएवढी सपाट जागा असावी, आणि तिथे उतरून एक माणूस घेऊन परत उडायचे आहे, अशी ही कामगिरी असते.

अशा जागी प्रत्येक किलोचा हिशेब होतो. इंधन जास्त घेतले तर जखमी उचलता येत नाही आणि कमी घेतले तर ढग आडवे आल्यावर वळसा घालून परतायला पुरत नाही. उतरल्यावर इंजिन बहुधा बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पात्यांच्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उधळतो आणि ऐन टेकण्याच्या क्षणी वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. त्यात शत्रूचा मारा चालू असेल, तर हवेत एका जागी स्थिर राहिलेल्या यंत्राइतके सोपे लक्ष्य दुसरे नाही. सियाचिनवर 13 एप्रिल 1984 रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले, तेव्हापासून चीता हेलिकॉप्टरे हे काम करीत आली आहेत. 1987 मध्ये नायब सुभेदार बाना सिंग यांनी जी चौकी जिंकून परमवीर चक्र मिळवले, त्या मोहिमेतही माणसे वर पोचवण्याचा भार चीतांवर होता.

तिसरा अभ्यास इतिहासाचा. साक्षीदाराची आठवण कोणत्या घटनाक्रमात बसते हे कळण्यासाठी काही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्याव्यात. 1971 चे युद्ध 3 ते 16 डिसेंबर चालले. 7 डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सिल्हेटजवळ गोरखा पलटणीला एमआय-4 मधून उतरवले गेले आणि 9 डिसेंबरपासून मेघना नदीपलीकडे सैन्य नेण्याची मोठी हवाई कामगिरी झाली. तिची धुरा ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांनी वाहिली आणि त्यांना महावीर चक्र मिळाले. त्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, म्हणून ज्यांना ही कामे हाती घ्यायची आहेत त्यांनी 1971 च्या माणसांपासून सुरुवात करावी.

कारगिलमध्ये हवाई दलाची कारवाई 26 मे 1999 रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना विमानातून उडी घ्यावी लागली, आणि त्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी त्या भागावर थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे विमान पाडले गेले. ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते, तरी खाली पडलेल्या सोबत्याला सोडून न जाण्याची जी वृत्ती आपण नोंदवायला निघालो आहोत ती हीच, म्हणून त्यांचे नाव या यादीत मी आवर्जून ठेवतो. 28 मे रोजी तोलोलिंग भागात एमआय-17 क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघेही गेले. त्यानंतर त्या आघाडीवर सशस्त्र एमआय-17 हल्ल्यासाठी वापरणे थांबवण्यात आले. चीता मात्र जखमी उचलत राहिली, आणि त्यांच्या वैमानिकांत हवाई दलाच्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन याही होत्या. कारगिलच्या हकिकतीत 28 मेच्या आधी की नंतर, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्या तारखेनंतर वर उडणाऱ्या प्रत्येकाला खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राने काय होते हे ठाऊक होते, आणि तरीही ते उडाले.

जगाचा इतिहास थोडा ठाऊक असला तर विद्यार्थ्यांना सांगताना उपयोगी पडतो. युद्धात हेलिकॉप्टरने जखमी हलवण्याची पहिली नोंद आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशातली आहे. एप्रिल 1944 मध्ये अमेरिकी लेफ्टनंट कार्टर हारमन यांनी जपान्यांच्या ताब्यातील मुलखात उतरलेल्या एका छोट्या विमानाचा वैमानिक आणि त्याच्यासोबतचे तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांना बाहेर काढले. त्यांचे सिकोर्स्की यंत्र इतके दुबळे होते की एका फेरीत एकच माणूस नेता येई, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा त्याच जागी जावे लागले. व्हिएतनाममध्ये मेजर चार्ल्स केली यांना 1 जुलै 1964 रोजी गोळीबारामुळे जागा सोडून जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा तुमचे जखमी मिळाल्यावर जाईन एवढेच उत्तर त्यांनी रेडिओवर दिले आणि तिथेच ते मारले गेले. त्याच युद्धात मेजर पॅट्रिक ब्रॅडी यांनी 6 जानेवारी 1968 या एका दिवसात तीन हेलिकॉप्टरे बदलून 51 जखमींना बाहेर आणले. या साऱ्यांत मला एकच गोष्ट ठळक दिसते : पहिल्या फेरीला धोका पुरता ठाऊक नसतो, दुसऱ्या फेरीला तो ठाऊक असतो. म्हणून साक्षीदाराला ‘ते पुन्हा आले का?’ हे विचारायला कधीही विसरू नये.

माणूस शोधणे आणि बसणे

माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या नावाने रीतसर पत्र देऊन आपला हेतू कळवावा आणि त्यांच्यामार्फत निरोप जाऊ द्यावा. पत्ते मागत बसू नये. याहून जवळचा मार्ग म्हणजे गावातलीच माणसे. एक माजी सैनिक दुसऱ्याचे नाव सांगतो, आणि कोण जखमी झाला होता हे त्यांना आपापसांत पक्के माहीत असते. छत्रपती संभाजीनगरला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेणारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट 1977 पासून आहे. तिथून पुढे गेलेल्या अधिकाऱ्यांपैकी कोणी आपल्या ओळखीत असेल तर वैमानिकांपर्यंत पोचण्याची वाट तिथूनही निघू शकते.

वेळ निवडताना शेतीचे वेळापत्रक पाहावे. मृगाची पेरणी, सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी या दिवसांत गेलात तर तो माणूस भिडेखातर बसेल, पण त्याचे लक्ष रानात राहील. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये, याला माझ्यापाशी दुःखद कारण आहे. मी पहिली मुलाखत मे महिन्यात भर दुपारी घेतली. घरच्यांनी आपुलकीने कूलर लावून दिला आणि मी तो बंद करा म्हणायला संकोचलो. घरी येऊन ऐकले तर दीड तास नुसती घरघर होती. पुन्हा जाईन म्हणत दिवाळी उजाडली, आणि तोवर ते गृहस्थ गेले होते. तेव्हापासून मी पहाटे किंवा दिवेलागणीला ओसरीवर बसतो, पंखा बंद करण्याची विनंती आधीच करतो, एका फोनऐवजी दोन फोन मांडतो आणि पहिल्या दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण तिथेच ऐकून पाहतो.

संबोधनाचेही भान असावे. वयाने मोठ्या माणसाला काका किंवा आबा म्हणणे योग्यच, पण नोंदीच्या वहीत त्याचा खरा हुद्दा, पलटण आणि सेवेची वर्षे त्याच्या डिस्चार्ज बुकातून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेतून, लिहून घ्यावीत. मी एकदा शाळेच्या स्मरणिकेत गावाच्या तोंडी असलेला ‘मेजर’ तसाच छापला. ते निवृत्त झाले होते हवालदार म्हणून, आणि न मिळालेला हुद्दा आपल्या नावापुढे पाहून ते मनापासून दुखावले गेले.

बसल्यावर थेट लढाईवर जाऊ नये. आमच्या लातूर-धाराशिव भागात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीला आलेले लष्कर सगळ्यांनी पाहिले आहे; त्या विषयापासून बोलणे सुरू केले की गणवेशातल्या आणि गावातल्या माणसांमधले अंतर आपोआप कमी होते. भरतीला कुठून गेलात, पहिली थंडी कुठे पाहिली, बर्फात पाय कसा टाकायचा हे कोणी शिकवले, अशा वाटेने त्या दिवसापर्यंत यावे.

प्रश्न

‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा, किंवा विचारूच नये. त्याचे उत्तर भाषणात दिले जाते तसेच येते. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले विचारावे. जखम झाली तेव्हा ऊन कुठल्या अंगाला होते? निरोप रेडिओवरून कोणी दिला? हेलिकॉप्टर येईपर्यंत किती वेळ गेला, आणि तो घड्याळावर पाहिला की अंदाजाने? आधी आवाज आला की आधी दिसले? उतरण्याच्या जागेची खूण कशाने केली होती, धुराने, कापडाने की बर्फ तुडवून? दोन्ही पट्ट्या टेकल्या की एकच? पाती फिरत असताना तुम्हाला कोणत्या बाजूने नेले? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मागच्या फिरत्या पंख्यामुळे शेपटीकडून कधीच जात नाहीत. पुढून, वैमानिकाच्या नजरेसमोरून आणि वाकून जातात, आणि उतारावर खालच्या अंगाने जातात. त्या तपशिलावरून आठवण प्रत्यक्ष पाहिलेली आहे की पुढे ऐकलेली, हे बरेचसे उमगते.

अंगणात खडे मांडून नकाशा करायला सांगितले, तर पुष्कळ माणसे तोंडाने सांगतात त्याच्या दुप्पट हाताने सांगतात. हा खडा म्हणजे कडा, ही काडी म्हणजे नाला, इथून ते आले, इथे वळले. त्या मांडणीचे छायाचित्र घ्यावे आणि दिशा विचारून त्यावर लिहावी.

एक प्रश्न फार जपून हाताळावा लागतो. हेलिकॉप्टर लहान, जखमी अनेक, म्हणजे कोणीतरी आधी गेला आणि कोणीतरी मागे राहिला. जो आधी गेला तो आज आपल्यासमोर बसलेला असतो. मागे राहिलेल्याचे नाव तो घेईल तेव्हाच घ्यावे. बोलता बोलता तो थांबला, तर आपणही थांबावे, पाणी द्यावे, ध्वनिमुद्रण बंद करावे. त्या दिवशी पुढे काही विचारू नये. एका बैठकीत दीड तासाहून जास्त बसू नये.

आणि काही गोष्टी विचारूच नयेत. आज वापरात असलेल्या चौक्यांची नेमकी ठिकाणे, तिथली माणसे आणि हत्यारे, रेडिओची कार्यपद्धती यांची आपल्या नोंदीला गरज नाही. शासकीय गुपिते अधिनियम 1923 चा आजही लागू आहे, आणि साक्षीदाराने भाबडेपणाने सांगितले तरी ते वगळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

पडताळणी

आठवण पंचवीस किंवा पन्नास वर्षांची असते, त्यामुळे तिच्यात जोड लागलेले असतात. त्यात अप्रामाणिकपणा नसतो. दरवर्षी भाषणात सांगता सांगता दोन दिवसांच्या घटना एका दिवसात येतात, आणि दूरदर्शनवर पाहिलेले दृश्य स्वतःचे होऊन बसते. म्हणून एकाच घटनेबद्दल शक्य तर दोन माणसांशी, आणि एकाच माणसाशी महिन्याच्या अंतराने दोनदा बोलावे. दोन्ही वेळा जे सारखे आले ते मजकुरात घ्यावे, जे बदलले ते तळटीपेत ठेवावे, आणि बदल झाला म्हणून त्याला तोंडावर खोटे पाडू नये.

कागदांत सर्वांत भरवशाची नोंद रुग्णालयाची असते, कारण दाखल झाल्याची तारीख तिच्यावर असते. ती घरच्या पत्र्याच्या पेटीत अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या कागदांसोबत अनेकदा सापडते. शौर्यपदकांची घोषणा राजपत्रात होते, आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव, वर्ष आणि सन्मानपत्र पाहता येते. तारीख, भाग आणि यंत्राचा प्रकार जुळला, तर कधी कधी त्या अनोळखी वैमानिकाचे नावही तिथून हाती लागते. अंदाजाने मात्र नाव जोडू नये. पलटणीच्या इतिहासासाठी मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. तिथे पत्र पाठवावे आणि उत्तराला वेळ लागतो हे गृहीत धरावे.

पदकांची नावे मोघम लिहू नयेत. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी असतात. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र हे शत्रूसमोरच्या लढाईखेरीज इतर प्रसंगांतील शौर्यासाठी. पूर किंवा हिमस्खलनातून माणसे काढणाऱ्या वैमानिकाला वीर चक्र मिळाले असे लिहिले, की पुढची सगळी नोंद संशयास्पद ठरते. वैमानिकाच्या घरी पोचलात, तर त्यांच्या बोलण्यातले अंतर बहुधा सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये असतो. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर आणि एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, तेव्हा शंभर नॉट म्हणजे ताशी सुमारे 185 किलोमीटर.

लिहिणे

लिहिताना विशेषणे जितकी गाळाल तितका वैमानिक मोठा दिसेल. ‘अतुलनीय’, ‘अजोड’, ‘मृत्यूला आव्हान देणारा’ ही विशेषणे कोणालाही लागू होतात. ‘तिसऱ्या वेळी ते नाल्याच्या बाजूने खालून आले, डावी पट्टी तेवढी खडकावर टेकवली आणि दोघांनी मला आत सरकवेपर्यंत तसेच थांबले’ हे मात्र एकाच माणसाने एकाच दिवशी केलेले असते. साक्षीदाराचे शब्द शक्यतो त्याचेच ठेवावेत. तो ‘तवा’ आणि ‘लई’ म्हणाला असेल तर अवतरणात तेच राहू द्यावे. त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की वाचणाऱ्या नातवाला आजोबा ओळखू येत नाहीत. आपले स्पष्टीकरण, उंची, तारीख आणि यंत्राची माहिती वेगळ्या परिच्छेदात द्यावी, म्हणजे त्याने पाहिलेले कोणते आणि आपण शोधलेले कोणते हे वाचकाला दिसत राहील.

मसुदा झाला की छापण्याआधी तो घेऊन पुन्हा त्याच ओसरीवर जावे आणि सगळा वाचून दाखवावा. घरातली मुले, सुना, नातवंडे जवळ बसली असतील तर उत्तमच, कारण त्यांतल्या पुष्कळांनी ही हकिकत सलग कधी ऐकलेली नसते. तो जिथे नको म्हणेल ते वाक्य तिथेच काढावे, जिथे दुरुस्ती सांगेल तिथे त्याच्यासमोर लिहावे, आणि शेवटी तारीख घालून त्याची सही घ्यावी. एक प्रत त्याच्या घरी, एक शाळेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. वैमानिकाचे नाव सापडले असेल तर चौथी प्रत त्याच्याकडे किंवा त्याच्या कुटुंबाकडे पाठवावी, आणि सोबत जखमीच्या हाताने दोन ओळी लिहून घ्याव्यात : आपण उचललेला माणूस घरी पोचला, त्याने पुढे शेती केली, त्याला नातवंडे झाली. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटांत परत उडालेल्या त्या वैमानिकाला ही बातमी तोवर कोणी कळवलेली नसते.